चहापुरतं खारेपाटण? दक्षिण कोकणच्या सहलीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

चार दिवसांत विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला आणि जमलंच तर पणजी. दिवाळीनंतर कोकण-गोव्याचे बेत आखले जातात ते बहुधा असे. या यादीत खारेपाटण कधीच नसतं. मुंबईहून येताना राजापूर मागे पडलं की लागणारं, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेशीवरचं, कणकवली तालुक्यातलं हे गाव. प्रवासी इथे पाय मोकळे करतात, चहा घेतात आणि ‘अजून मालवण किती लांब?’ असं विचारून पुढे निघतात. सहलीतल्या चुकांची सुरुवात इथूनच होते, असं माझं स्पष्ट मत आहे. या टापूबद्दलचे बरेचसे समज ऐकीव आहेत आणि त्यांच्या भरवशावर लोक दिवस, पैसे आणि कधीकधी जीवही पणाला लावतात.

‘खारेपाटणात बघण्यासारखं काही नाही’

शके 930 मधला, म्हणजे इ.स. 1008 चा, शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट खारेपाटणात मिळाला. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची आणि त्यांच्या आधीच्या राष्ट्रकूटांची वंशावळ इतिहासकारांना जुळवता आली ती बऱ्याच अंशी या पत्र्यांमुळे. एका शिवमंदिरासाठी राजाने दिलेल्या दानाचा हा लेख आहे. गावांच्या जोडीला त्यात बंदराचं उत्पन्नही दिलेलं आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं देवाला. परदेशी जहाजांच्या जकातीवर देवाची पूजाअर्चा चालावी, एवढा व्यापार या किनाऱ्यावर तेव्हा होता. ताम्रपटातलं बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच, असं अनेक अभ्यासक मानतात. शके 1016 चा, उत्तर कोकणच्या अनंतदेव शिलाहाराचा आणखी एक ताम्रपट इथेच सापडला. त्यात ठाणे, सोपारा, चौल या बंदरांतल्या जकातमाफीची नोंद आहे.

हे बंदर समुद्रावर नव्हतं. विजयदुर्गला समुद्राला मिळणारी वाघोटणची खाडी आत शिरते, शुक नदीला भेटते आणि तिच्या काठावर खारेपाटण वसलेलं आहे. भरतीच्या पाण्यावर गलबतं इथवर येत. खाडी गाळाने भरत गेली, रस्ते आणि रेल्वे आली आणि बंदराचं बाजारगाव झालं. टेकडीवरचे किल्ल्याचे अवशेष, नदीकाठची देवळं, जैन मंदिर, जुनी मुस्लिम वस्ती हे सगळं एका सकाळी पायी फिरून होतं. रट्टराजाचा ताम्रपट पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केला तो ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी. त्यांचं जन्मगाव पोंभुर्ले इथून जवळच, देवगड तालुक्यात आहे. तिथे त्यांचं स्मारकही आहे. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने या रस्त्यावरून जाताना पोंभुर्ल्याला वळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’

हे विधान समाजमाध्यमांवर आणि सहलीच्या पत्रकांवर छापलेलं दिसतं, गाइडही सांगतात. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ पुरावा म्हणून दाखवले जातात. कट्टे खरे आहेत, साहेबही खरा आहे. घोळ तारखेचा आहे.

18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं आणि सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट अभ्यासला. कट्ट्यांचा तो ‘साहेब’, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, त्या वर्षी भारतात आलेच नव्हते. ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा वर्णपट पाहता येईल अशी पद्धत त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून वापरली आणि तिथे दिसलेली पिवळी रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी, असा निष्कर्ष काढला. त्याला हेलियम हे नाव पडलं. हा वायू पृथ्वीवर हाती लागला 1895 साली, लंडनमध्ये, विल्यम रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत.

मग विजयदुर्गाचा संबंध काय? तो आहे, आणि भक्कम आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाची छाया याच किनाऱ्यावरून देशात शिरली. ते पाहण्यासाठी लॉकियर स्वतः दुर्बिणी आणि वर्णपटमापक घेऊन विजयदुर्गला आले आणि किल्ल्यात तळ ठोकून राहिले. याच ग्रहणाचं निरीक्षण पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरहून केलं. दरवर्षी 18 ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो आणि मुलं त्यानिमित्ताने वर्णपटाविषयी ऐकतात, हे चांगलंच आहे. पण त्या मुलांना 1898 ची खरी हकिकत सांगितली तर किल्ल्याचं महत्त्व तसूभरही कमी होणार नाही.

‘हायवे धरला की समुद्र सोबतीला’

खारेपाटणपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत शंभरेक किलोमीटर महामार्ग आहे. तळेरे, कणकवली, कसाल, ओरोस, कुडाळ, झाराप, बांदा. या अख्ख्या वाटेवर समुद्र दिसत नाही. तो पश्चिमेला बराच लांब आहे. किनाऱ्यावरची गावं जोडणारा सागरी मार्ग वेगळा आणि तो वाघोटण, देवगड, आचरा, कोळंब, कर्ली अशा खाड्यांना वळसे घालत, पुलांवरून चढ-उतार करत जातो. नकाशावर बोटभर दिसणाऱ्या विजयदुर्ग ते मालवण अंतराला वाटेत थांबत गेलं तर अर्धा दिवस लागतो. एका दिवसात तीन किल्ले आणि दोन किनारे उरकणाऱ्या सहलीत माणसं गाडीची काचच जास्त बघतात.

दुसरा घोटाळा नावाचा. सिंधुदुर्ग नावाचं शहर नाही. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा, त्याचं मुख्यालय ओरोसला. ‘सिंधुदुर्ग’ रेल्वे स्थानकही ओरोसजवळच. किल्ला मात्र मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर. स्थानकावर उतरून ‘किल्ला किती चालायचा?’ असं विचारणारे लोक आजही भेटतात. मालवणला जाणाऱ्यांनी कणकवली किंवा कुडाळ हे थांबेही तपासावेत, तिथे जास्त गाड्या थांबतात. खारेपाटण रोड स्थानकाच्या नावातही असाच घोटाळा. ते गावापासून दूर, चिंचवलीला आहे.

‘पावसात कोकण सुंदर, तेव्हाच स्कूबा करू’

पावसाळ्यातलं कोकण सुंदर असतं यात वाद नाही. आंबोलीला जा, सावडावचा धबधबा बघा. पण समुद्र तेव्हा बंद असतो. साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात जलक्रीडा आणि किल्ल्याची प्रवासी होडी थांबवली जाते. यांत्रिक बोटींची मासेमारी जून-जुलैमध्ये बंद असते, त्यामुळे ‘ताजी सुरमई’ची पाटी तेव्हा जपून वाचावी. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. पाऊस अजून सुरू व्हायचा होता, पण समुद्र फिरला होता. लाइफ जॅकेट फोटोपुरतं नाही, ते शेवटपर्यंत अंगावर बांधलेलं हवं, आणि बोटवाल्याने ‘आज नको’ म्हटलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

पोहता येत नाही म्हणून स्कूबा करता येत नाही, हाही समज चुकीचा. मालवणला पर्यटकांना जी डुबकी देतात ती उथळ पाण्यात आणि प्रशिक्षकाने धरून ठेवलेली असते. पोहण्यापेक्षा महत्त्वाची आहे तब्येत. दमा, हृदयविकार, सर्दीने बंद झालेले कान, गर्भारपण यांतलं काही असेल तर पाण्यात उतरू नये. बऱ्याच घरांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की डुबकीनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्या झाल्या असतील तर 18 तास थांबावं, असा सर्वमान्य दंडक आहे. सकाळी स्कूबा आणि दुपारी चिपी किंवा मोपाहून विमान, असा बेत करू नका. इथला समुद्रतळ 1987 पासून मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. प्रवाळाला हात लावणं आणि माशांना पाव टाकणं, दोन्ही बंद झालं पाहिजे.

‘रात्री इथे काही नसतं, नाइटलाइफ गोव्यातच’

रात्री नऊला मालवणची बाजारपेठ मिटते, म्हणून हा समज पसरला. पण कार्तिकापासून वैशाखापर्यंत सिंधुदुर्गात जवळपास रोज रात्री कुठे ना कुठे जत्रा असते आणि जत्रेत दशावतार असतो. पालखीच्या प्रदक्षिणा आटोपल्या की रात्री अकरा-बाराला खेळ सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. पहाटे दहीकाला होतो, म्हणून गावात या खेळाला ‘धयकालो’ म्हणतात.

नावामुळे लोकांना वाटतं की दहाही अवतार दिसणार. तसं नसतं. आधी गणपती, सरस्वती, काळा वेष आणि लोंबती लाल जीभ घेऊन येणारा संकासूर, असा पूर्वरंग. मग पुराणातलं एखादं आख्यान. लिहिलेली संहिता नाही, दिग्दर्शक नाही. आख्यान ठरलं की नट संवाद जागेवर रचतात. एकटं लाकडी बाकडं कधी सिंहासन होतं, कधी डोंगर. पायपेटी, पखवाज, झांज एवढंच संगीत. परंपरेने बायकांची सोंगंही पुरुषच करतात. मंडपामागे गेलात तर हातात आरसा धरून स्वतःचा रंग स्वतःच लावणारे नट दिसतील. समोरच्या बायाबापड्या संवादाला दाद देतात ती मात्र अगदी चोखंदळ. मंडपाबाहेर खाजं, खटखटे लाडू, गरम भजी, पाळणे आणि पोरांची झुंबड असते.

जत्रेच्या तारखांबाबतही चुका होतात. कुणकेश्वरची महाशिवरात्र किंवा सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणं कॅलेंडरवरून कळतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तशी ठरत नाही. देवीचा कौल मिळतो तेव्हाच तारीख जाहीर होते. म्हणून आधी हॉटेल ठरवून मग जत्रा शोधण्यात अर्थ नाही. आज कुठे कोणत्या मंडळाचा प्रयोग आहे, हे स्थानिक वर्तमानपत्रांत येतं आणि तुमच्या खानावळीच्या मालकालाही ठाऊक असतं. बुवांची डबलबारी भजनंही अशीच रात्र जागवतात.

‘गोव्याची बाटली बिल असलं की चालते’

चालत नाही. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याविना महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि बांदा-इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभाग गाड्या तपासतो. गोव्यातही किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला 2019 पासून बंदी आहे. एकट्याला 2000 रुपये आणि टोळक्याला 10,000 रुपये दंड होतो. पणजीच्या कॅसिनोत 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला दोन्ही राज्यांत मनाई आहे.

सहल आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. यादीतली दोन ठिकाणं कमी करा. पहिला दिवस खारेपाटण, पोंभुर्ले आणि विजयदुर्गाला द्या. एक रात्र जत्रेसाठी मोकळी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही ठेवू नका. दशावताराला बसाल तेव्हा फ्लॅश मारू नका, अर्ध्यावर उठू नका आणि मंडळाच्या ताटात जमेल ते पैसे घाला.