पैसे घ्यायला पिन कशाला?

गोदाकाठच्या सायखेड्यातही जुनी मोटारसायकल विकायची, तर आता फोटो ओएलएक्सवर टाकता येतो. अशा जाहिरातींवर ठरलेला फोन येतो: "मी लष्करात आहे. भाव मान्य, गाडी न्यायला माणूस पाठवतो." पाठोपाठ क्यूआर कोड. तो स्कॅन करून पिन टाकला, की पैसे येत नाहीत, जातात.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. व्यक्ती-व्यक्तींमधली पैसे मागणारी 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तरी क्यूआरचा सापळा उरलाच.

रोखीचा व्यवहार बँकेतच करावा. नोटा काउंटरवर तपासून खात्यात भराव्यात, गाडीच्या मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० वर सह्या घ्याव्यात, मगच किल्ली द्यावी. ऑनलाइन पैसे घेतले, तर ते जमा झाल्याचा एसएमएस बनावट असू शकतो. खात्यातली शिल्लक पाहावी. फसगत झालीच, तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी.