भावाचा आलेख आणि सुलतानपूरचें सोयाबीन

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत सुलतानपूर हें गांव आहे. उल्कापातानें निर्माण झालेल्या सरोवरामुळें लोणारचें नांव जगाला ठाऊक आहे. परंतु जगाचा आणि या परिसराचा दुसराही एक संबंध आहे, व तो रोजच्या व्यवहाराचा आहे. येथील काळ्या जमिनींत पूर्वीं कापसाला मान होता. आतां सोयाबीन हें मुख्य पीक झालें आहे. आश्विन-कार्तिकांत मळणी होऊन धान्य पोत्यांत भरलें गेलें, कीं प्रत्येक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : माल आज विकावा, कीं ठेवावा? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर अडत्या देत असे. आतां हातांतील फोनवर भावाचे आलेख दिसूं लागले आहेत व रेघ वर चालली आहे म्हणून थांबावें, रेघ खालीं वळली म्हणून विकावें, असा सल्ला मिळूं लागला आहे. ही रेघ कशी काढतात, तिच्यांत सत्य किती असतें आणि ती कोठें फसविते, हें समजून घेणें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाही अगत्याचें आहे. कारण त्यांच्यापैकीं पुष्कळांची बचत शेअरबाजारांत असते व तेथेंही अशाच रेघांचें राज्य चालतें.

दूरदेशींच्या भावानें वऱ्हाडांतील शेतकऱ्याचें दैव फिरावें, हें कांहीं नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली व येथील कापसाचे भाव कित्येक पटींनीं चढले. या पैशाच्या पुराबरोबर मुंबईंत शेअरांचा सट्टा उसळला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपत आल्याचें स्पष्ट झालें, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या हिशेब चुकते करण्याच्या दिवशीं मुंबईंतील अनेक मोठमोठ्या पेढ्या व धनिक बुडाले. कापसाचा व्यापार मात्र टिकला. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा रेल्वेचा फांटा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला आणि बुलढाण्याच्या मुलुखांतील कापूस मुंबईमार्गें लिव्हरपूलच्या बाजाराशीं बांधला गेला.

सोयाबीनची गोष्ट याहून निराळी नाहीं. या दाण्यांत सुमारें अठरा टक्के तेल असतें व तें काढून घेतल्यावर उरते ती पेंड. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें : पामतेल इंडोनेशिया व मलेशियांतून, सोयातेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचें तेल रशिया व युक्रेनमधून. म्हणून सुलतानपूरच्या पोत्याचा भाव ठरवितांना तेलगिरणीचा मालक या सर्व देशांकडे पाहत असतो. या सर्वांचा मेळ जेथें बसतो तो मोठा बाजार शिकागो येथें आहे. १८४८ मध्यें स्थापन झालेल्या त्या बाजारांत १९३६ पासून सोयाबीनचे वायदे होत आले आहेत.

आतां आलेखाकडे वळूं. चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर दिवस व उभ्या रेषेवर भाव मांडला आणि रोजच्या भावाचा एकेक ठिपका देऊन ते ठिपके जोडले, कीं आलेख तयार होतो. जपानी पद्धति याहून अधिक बोलकी आहे. ओसाका येथील दोजिमाच्या तांदूळबाजाराला १७३० सालीं तेथील शासनानें मान्यता दिली. त्या काळांतील होम्मा मुनेहिसा या व्यापाऱ्याच्या नांवाशीं ही पद्धति परंपरेनें जोडली जाते. तींत प्रत्येक दिवसाची एक मेणबत्ती काढतात. बाजार उघडतांनाचा भाव व बंद होतांनाचा भाव यांच्यामधील अंतर हें मेणबत्तीचें अंग. दिवसांतील सर्वांत चढा व सर्वांत उतरता भाव या तिच्या वरच्या व खालच्या वाती. अंग लहान आणि वात लांब असेल, तर दिवसभर ओढाताण झाली पण निकाल लागला नाहीं, असा अर्थ निघतो.

रेघेचा अर्थ लावण्याचा पाया अमेरिकेंतील चार्ल्स डौ या पत्रकारानें घातला. १९०२ मध्यें तो वारला. बाजाराच्या हालचालींत तीन गती एकत्र मिसळलेल्या असतात, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्यांना समुद्राची उपमा देतात : भरती-ओहोटी, लाटा व तरंग. भरती महिनोन्‌महिने चालते, लाट कांहीं आठवडे टिकते आणि तरंग रोजचे असतात. तरंगाला भरती समजणें ही नवख्याची पहिली चूक होय.

ती टाळण्यासाठीं चलत सरासरी काढतात. समजा, पांच दिवसांचे भाव ४,२००, ४,२४०, ४,२२०, ४,२६० व ४,२८० आहेत. त्यांची सरासरी ४,२४० येते. सहाव्या दिवशीं भाव ४,३०० झाला, कीं पहिला दिवस वगळून नवी सरासरी काढावयाची. ती ४,२६० येते. अशा सरासऱ्यांची रेघ रोजच्या चढउतारांना गाळून टाकते व कल दाखविते. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे : सरासरी ही झालेल्या भावांची असते, म्हणून ती नेहमीं बाजाराच्या मागून चालते. बाजार वळल्यानंतरच ती वळते.

आधार आणि अडसर हे या शास्त्रांतील दुसरे दोन शब्द. भाव पुनःपुन्हां ज्या पातळीवर येऊन थबकतो व वर फिरतो तो आधार. ज्या पातळीपाशीं चढता भाव पुनःपुन्हां अडतो तो अडसर. यामागें गूढ असें कांहीं नाहीं; माणसांची आठवण आहे. पांच हजारांचा भाव हुकला म्हणून ज्यानें माल धरून ठेविला, तो भाव पुन्हां पांच हजारांवर येतांच पोतीं बाहेर काढतो. असे हजारों जण असले, म्हणजे त्याच पातळीवर माल वाढतो व भाव अडतो. आलेख खरा ठरतो तो येथें. कारण तो समूहाच्या आशेचें व भीतीचें चित्र असतो.

परंतु हीच आठवण घातकही ठरते. २०२१ च्या ऑगस्टांत सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला होता. तो भाव पाहणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं त्या वेळीं धान्य शिल्लक नव्हतें. जुना माल संपला होता, म्हणूनच भाव चढला होता. त्याच महिन्यांत सरकारनें बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली. ऑक्टोबरांत नवा माल येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. पुढें दहा हजारांची वाट पाहत पुष्कळांनीं माल धरला. तो भाव कांहीं आला नाहीं. २०२४ च्या हंगामांत तर ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असतां बाजारभाव त्याच्याही खालीं राहिला.

आलेखाला जें दिसत नाहीं त्याचा विचार येथें आवश्यक आहे. २८ एप्रिल २०२२ रोजीं इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात बंद केली व महिन्याच्या आंतच ती पुन्हां खुली केली. सप्टेंबर २०२४ मध्यें भारतानें खाद्यतेलावरील आयातकर वाढविला, तर मे २०२५ मध्यें कच्च्या तेलावरील कर कमी केला. सरकारी निर्णयाची तारीख कोणत्याही रेघेंत आधीं उमटत नाहीं. शिवाय २० डिसेंबर २०२१ रोजीं सेबीनें सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांना बंदी केली व ती पुढें वेळोवेळीं वाढविली. त्यामुळें पुढील महिन्यांचा भाव दाखविणारा देशी आलेखच नाहींसा झाला.

शिकागोचा आलेख पाहतांनाही रूपांतर करावें लागतें. तेथें भाव बुशेलवर असतो व सोयाबीनचा बुशेल सुमारें २७.२ किलोंचा. भाव दहा डॉलर असेल, तर क्विंटलला सुमारें ३६.७ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांना धरला, तर ते सुमारें ३,१२० रुपये. ९० ला धरला, तर सुमारें ३,३००. म्हणजे शिकागोची रेघ जागची हलली नाहीं, तरी रुपया घसरला कीं येथील हिशेब बदलतो. त्यांत वाहतूक व कर यांची भर पडते. म्हणून दोन्ही ठिकाणचे भाव सारखे नसतात. त्यांची दिशा मात्र पुष्कळदां एक असते.

रेघेवरून भविष्य वर्तविण्याच्या विद्येची परीक्षा पूर्वींच झाली आहे. अमेरिकेंतील आल्फ्रेड कौल्स यानें १९३३ मध्यें धंदेवाईक बाजारभविष्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सरासरीनें तीं केवळ नशिबावर सोडलेल्या निवडींहून सरस ठरलीं नाहींत. सेबीच्या २०२४ च्या अहवालांतील आंकडा तर प्रत्येक घरांत वाचला जावा असा आहे. त्याच्या आधींच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे-व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकीं ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक होता. यांतील पुष्कळांपुढें आलेख होतेच.

मग आलेखाचा उपयोग काय? तो उद्यां काय होईल तें सांगत नाहीं; आजचा भाव कोणत्या प्रवासांतून आला तें सांगतो. वहींत स्थानिक बाजार समितीचा भाव, हमीभाव आणि शिकागोचा रुपयांत उतरविलेला भाव अशा तीन रेघा आठवड्याला एकदां मांडाव्या व बाजूस कराच्या, पावसाच्या व निर्यातबंदीच्या बातम्यांची तारीख टिपावी. असें वर्षभर केलें, म्हणजे अफवा व कल यांतील भेद डोळ्यांना दिसूं लागतो.

परंतु कल ओळखला, तरी त्याचा लाभ ज्याला थांबतां येतें त्यालाच होतो. पीककर्जाचा हप्ता, मजुरी व मुलीची फी ऑक्टोबरांतच द्यावयाची असेल, तर उत्तम आलेखही निरुपयोगी ठरतो. यासाठींच राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. तींत भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळूं शकतें व विक्री पुढें ढकलतां येते. अशा सोयीचा आधार घेऊन माल दोन-तीन टप्प्यांत विकणारा शेतकरी सर्वांत चढा भाव क्वचितच मिळवील; पण सर्वांत पडत्या भावांत सगळें पीक देण्याची पाळीही त्याच्यावर येणार नाहीं. शहरांतील गुंतवणूकदारालाही हाच हिशेब लागू आहे. घरखर्चाचा पैसा ज्यानें बाजारांत घातला नाहीं, त्यालाच रेघ खालीं वळली असतां शांतपणें ती पाहतां येते.