गाडी लागते का?

तुमसरात माझं औषधाचं दुकान आहे. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडलेल्या एका पोराची आई ऑपरेशनच्या आधी आली. ‘भाऊ, ओकारीची गोळी आताच देऊन ठेवा. याला नागपूरच्या एसटीतही ओकाऱ्या होतात.’ म्हटलं, गोळी राहू द्या, एवढंच भुलीच्या डॉक्टरांना सांगा.

‘गाडी लागते हे डॉक्टरले कायले सांगाचं?’

सांगायचं. १९९९ साली जर्मनीतल्या आप्फेल या भूलतज्ज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर भुलीनंतर ओकारी कोणाला होईल हे ताडायला चार प्रश्न मांडले: पेशंट बाई आहे का? धूम्रपानापासून लांब आहे का? गाडी लागते, किंवा आधी भुलीनंतर उलट्या झाल्यात का? ऑपरेशननंतर मॉर्फीनसारखं वेदनाशामक लागणार का? चारही उत्तरं ‘नाही’ असली तर दहातल्या एकाला त्रास होतो, चारही ‘हो’ असली तर जवळजवळ आठांना. (बिडी ओढणाऱ्याला ओकारी कमी, हे खरं, म्हणून कोणी बिडी धरू नये. तंबाखूच्या खर्ऱ्याला तर या हिशेबात जागाच नाही.)

जबड्याच्या ऑपरेशनात रक्त घशातून पोटात उतरतं आणि पोट ते सहन करत नाही. म्हणून घशात ओल्या गॉजची पट्टी ठेवतात, शुद्धीवर आणण्याआधी ती आठवणीनं काढतात, गरज पडली तर नळीनं पोटातलं रक्तही ओढून घेतात. वरचे-खालचे दात तारेनं बांधलेले असतील तर उलटी श्वासनलिकेत जाण्याची धास्ती.

औषध उलटी झाल्यावर नव्हे, आधी द्यायचं. डेक्सामेथासोनचा असर सावकाश येतो, म्हणून ते भूल चढताच देतात. त्यानं सूजही कमी राहते. ऑन्डान्सेट्रॉन ऑपरेशन संपत आल्यावर. दोन्हींचे मार्ग वेगळे, म्हणून जोडी एकट्यापेक्षा भारी पडते. धोका जास्त असेल तर वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल देतात. मात्र डेक्सामेथासोननं साखर चढते आणि ऑन्डान्सेट्रॉन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल तर तेही लपवू नका.

पोरगा दात बांधून परतला तेव्हा चिठ्ठीवर ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप होतं. आईनं विचारलं, ओकारीत श्वास अडला तर तार कापायला घरची पक्कड चालेल का? चालणार नाही. त्यासाठी तार कापायचा कटर उशाशी हवा, तारेऐवजी रबरानं बांधलं असेल तर कात्री. ओकारी आलीच तर आधी पोराला पुढे वाकवून बसवायचं. पोटात पातळच असतं, ते बहुधा दातांच्या फटीतून निघून जातं. श्वास अडला तरच तार कापायची, आणि नेमकी कोणती, हे सुट्टी होण्याआधी सिस्टरकडून बोट ठेवून दाखवून घ्यायचं.