टाइप करा, दिवा लागेल!

लॅपटॉपवर कॅपिटल ‘एच’ टाइप केला, एंटर मारलं आणि टेबलावरचा लाल एलईडी लागला. ‘एल’ टाइप केला, विझला. एवढंच! पण त्या रात्री मी हे पन्नासेक वेळा तरी केलं असेल. शेवटी आई म्हणाली, ‘‘आता झोपतेस का, की मी तुलाच बंद करू?’’

मी मास कॉमवाली. ‘इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे इंजिनीअरिंगच्या पोरांचं काम’ हे तुमच्यासारखंच माझंही ठाम मत होतं. पण ज्या बोर्डावर मी हे केलं, तो अर्डुइनो मुळात आपल्यासारख्यांसाठीच बनला. २००५मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावातल्या एका डिझाइन संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा म्हणून!

सामान फार लागत नाही. अर्डुइनो उनो बोर्ड, यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड, दोन-तीन जंपर वायर, एक लाल एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं मिळतं. सोल्डरिंगची गरज नाही, वायर नुसत्या खोचायच्या.

जोडणी अशी : बोर्डच्या १३ नंबरच्या पिनपासून रेझिस्टर, तिथून एलईडीचा लांब पाय. आखूड पाय ‘जीएनडी’ म्हणजे ग्राउंडला. पाय उलटे लागले तर दिवा लागणार नाही, कारण एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते.

रेझिस्टर कशाला? मलाही तो फालतू वाटला होता. म्हणून एकदा ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडला. क्षणभर लख्ख पेटला आणि कायमचा गेला. एलईडीला स्वतःची हाव आवरता येत नाही, मिळेल तेवढा करंट तो ओढतो. बोर्डची पिन देते ५ व्होल्ट, लाल एलईडी त्यातले साधारण २ घेतो. उरलेल्या ३ला २२०ने भागा : सुमारे १४ मिलीअँपिअर. पिनसाठी २०च्या आत राहणं बरं, म्हणजे आपण सेफ. शाळेत घोकलेला ओहमचा नियम मला खरा कळला तो या जळक्या एलईडीमुळे.

आता कोड. घाबरू नका, तो तयारच असतो. अर्डुइनोचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एक्झाम्पल्समध्ये कम्युनिकेशनखाली ‘फिजिकल पिक्सेल’ उघडा, आपला बोर्ड आणि पोर्ट निवडा, अपलोड करा. मग सीरियल मॉनिटर उघडा, त्याचा वेग ९६०० ठेवा आणि ‘एच’ पाठवा. एच म्हणजे हाय, एल म्हणजे लो. अक्षरं कॅपिटलच हवीत.

नाही लागला? माझाही लागला नव्हता. पोर्टच दिसेना. दोन संध्याकाळी मी सेटिंग्जशी झटापट केली आणि दोष निघाला केबलचा! ती फक्त चार्जिंगची होती, डेटा नेणारी नव्हतीच. तेव्हापासून एक सवय लागली : आधी चूक कुठे *नाही* ते शोधायचं. १३ नंबरच्या पिनला बोर्डवरचाही एक छोटा दिवा जोडलेला असतो. ‘एच’ पाठवल्यावर तो लागला, तर कॉम्प्युटर, केबल, कोड सगळं ठीक. गडबड तुमच्या वायरिंगमध्ये. निम्मा शोध तिथेच संपतो.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. हे खेळ ५ व्होल्टवरच. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइटच्या माळेला हात लावायचा नाही. १२ व्होल्टची एलईडी पट्टीही थेट पिनला जोडायची नाही. तिला वेगळा पुरवठा आणि मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. ती पुढची पायरी.

परीक्षेत चुकलं की मार्क जातात आणि विषय संपतो. इथे चुकलं की दोन-तीन रुपयांचा एलईडी जातो आणि विषय सुरू होतो. म्हणून दुकानात गेलात की एलईडी एक नको, दहा घ्या.