शब्द विसरायच्या बेतात असताना आठवण करून देणारं 'आंकी'

जर्मन, जपानी शिकणाऱ्यांनो, पाठ केलेले शब्द आठवडाभरात उडून जातात ना? मग 'आंकी' हे उजळणीचं अ‍ॅप वापरून बघा. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट. आयफोनवाल्यांना मात्र खिशात हात घालावा लागतो.

विसरायच्या बेतात असतानाच उजळणी करायची, ही कल्पना तशी जुनीच. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली तो अभ्यास छापला. पुढे 1970च्या दशकात सेबास्टियान लाइटनरने कार्डांचा खोका लोकप्रिय केला: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात. 1987मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने कोणतं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हा हिशेब कॉम्प्युटरवर सोपवला. आंकी आलं 2006मध्ये.

आंकीत प्रश्नाचं कार्ड उलटून उत्तर पाहिलं की तुम्हीच सांगायचं: आलं नाही, जड गेलं, जमलं की अगदीच सोपं होतं. त्यावरून ते पुन्हा कधी दिसणार हे ठरतं. (परीक्षक आपणच, त्यामुळे कॉपी करून फायदा शून्य!)

आयती कार्डं उतरवून घेण्यापेक्षा स्वतः बनवा. आणि सुटा शब्द नको. आपल्याकडे 'ते टेबल', जर्मनमध्ये 'डेअर टिश', म्हणजे पुल्लिंगी. नुसतं 'टिश' घोकलंत तर लिंग हमखास चुकणार. त्यापेक्षा 'डेअर टिश इस्ट नॉय' (टेबल नवं आहे) असं अख्खं वाक्य घाला, जमलं तर आवाजासकट.

बोलायला मात्र हे शिकवत नाही, त्यासाठी माणूसच गाठायला हवा. सुरुवातीला रोज 10च नवी कार्डं घ्या. हावरटपणा केलात तर पंधरवड्यात उजळणी इतकी साचते की अ‍ॅप उघडायचीच धास्ती वाटते.