परत आलेल्यांचं ऐकताना

नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला ४४ वर्षांच्या एका माणसाला आणलं गेलं. तो कुरणात पडलेला सापडला होता. अंग निळं पडलेलं, शुद्ध नाही, हृदय थांबलेलं. घशात नळी घालताना परिचारकाला दिसलं, की याला कवळी आहे. त्याने ती काढून औषधांच्या गाडीत ठेवली आणि उपचार पुढे चालू राहिले. सुमारे दीड तासाने नाडी आणि रक्तदाब सावरले, पण रुग्ण शुद्धीवर आला नव्हता. त्याला आयसीयूत हलवलं. आठवड्याहून जास्त काळ गेला. तो हृदयरोग कक्षात परतला तेव्हा तोच परिचारक औषधं वाटायला आला, आणि त्याला पाहताच रुग्ण म्हणाला, माझी कवळी कुठे आहे ते याला ठाऊक आहे. बाटल्यांनी भरलेली गाडी, तिच्याखालचा सरकता कप्पा, खोलीतली धावपळ, सगळं त्याने सांगितलं. हे आपण वरून पाहत होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

डिसेंबर २००१मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा प्रसंग छापला. हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० डच रुग्णालयांत हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ जणांशी संवाद साधला होता. त्यांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, मृत्युसमीप अनुभव सांगितला: गाढ शांतता, बोगदा, प्रकाश, गेलेल्या नातेवाइकांची भेट. संशोधकांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळेच हे घडत असेल, तर ते सगळ्यांना का दिसत नाही?

या अनुभवांना नाव मिळालं ते अमेरिकी लेखक रेमंड मूडी यांच्या १९७५च्या पुस्तकामुळे. १९८३मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी १६ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली आणि ऐकीव गोष्टींची तुलना करता येऊ लागली.

फळीवरचं चित्र

कवळीची गोष्ट विलक्षण आहे, पण ती परिचारकाने नंतर सांगितलेली आहे. बेशुद्ध माणसाच्या कानावर काय पडलं, आठवणीत मागाहून काय मिसळलं, हे आता तपासता येत नाही. म्हणून डॉ. सॅम पर्निया यांनी एक साधी युक्ती केली. रुग्णालयांतल्या खोल्यांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. कोणी खरोखर वर तरंगत असेल, तर त्याला ती दिसायला हवीत.

निष्कर्ष २०१४मध्ये आले. १५ रुग्णालयांत २०६० जणांचं हृदय बंद पडलं होतं, आणि मुलाखत देण्याच्या स्थितीत होते १४०. त्यांतल्या एकाने सांगितलेला घटनाक्रम प्रत्यक्षाशी जुळला, पण तो ज्या खोलीत होता तिथे फळीच नव्हती. खरी परीक्षा झालीच नाही.

चुकीच्या माणसाला आणलं

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले डॉ. इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६मध्ये भारतातल्या १६ घटना मांडल्या. त्या वाचताना आपल्याला अनोळखी असं काहीच वाटत नाही. यमदूत येतात, माणसाला घेऊन जातात. समोर वही उघडून कोणी बसलेला असतो. तो नाव पाहतो आणि चिडतो: चुकीच्या माणसाला आणलंत, याला परत नेऊन सोडा! बोगदा किंवा वरून दिसणारं स्वतःचं शरीर या गोष्टी मात्र या कहाण्यांत आढळल्या नाहीत. आपल्याकडे ‘यमाच्या दारातून परत आला’ असं म्हणतात, आणि गावोगावच्या आज्ज्या जे सांगतात तेही हेच. उंबरठा तोच असला, तरी त्यापलीकडचं चित्र माणूस लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींतून रंगवतो, असं मला यावरून वाटतं.

मेंदूही आपली बाजू मांडतो. २००२मध्ये जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूत उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी विद्युत उत्तेजना दिली, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला पाहत आहोत असं वाटलं. २०२३मध्ये मेंदूशास्त्रज्ञ जिमो बोर्जिगिन यांच्या चमूने कृत्रिम श्वासयंत्र काढलेल्या चार मरणासन्न रुग्णांच्या मेंदूचे आलेख तपासले. त्यांपैकी दोघांत जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या गॅमा लहरी अचानक उसळलेल्या दिसल्या. त्या क्षणी त्यांना काय जाणवलं, हे सांगायला ते दोघे उरले नाहीत. आणि जे परत आले, त्यांचा अशा क्षणांचा आलेख बहुधा कोणी काढलेला नसतो. या विषयाची सगळी अडचण इथेच आहे.

एक गोष्ट मात्र डच अभ्यासाने ठळकपणे दाखवली. दोन आणि आठ वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा हा अनुभव आलेल्यांची मरणाची भीती कमी झाली होती आणि इतरांबद्दलचा जिव्हाळा वाढला होता. प्रकाश खरा की भास हे ठरायचं तेव्हा ठरेल, त्या माणसांच्या जगण्यातला बदल आजच खरा आहे.

म्हणून मला वाटतं, हृदय बंद पडून वाचलेल्या माणसाला पथ्य आणि गोळ्या सांगताना एक गोष्ट विचारायलाही हवी: तुम्हाला काही आठवतं का? आणि ‘वेड लागलंय’ किंवा ‘देवाने दर्शन दिलं’ असा निकाल न देता उत्तर लिहून घ्यायला हवं. त्या डच परिचारकाने कवळीची गोष्ट हसण्यावारी नेली असती, तर तपासायला काहीच उरलं नसतं.