पोथी तीच, वाचन निराळे

सीमाभागातील माणसाला एका शब्दाचे दोन अर्थ नवे नाहीत. कन्नडात 'अवसर' म्हणजे घाई, मराठीत संधी. भालकीच्या बाजारात ऐकणारा संदर्भावरून काय ते जाणतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात एका सूक्ष्म रेणूने संशोधकांना अशाच द्व्यर्थाने चकविले आहे.

जनुके ही पेशीची पोथी. सर्व पेशींत पोथी बहुधा तीच. परंतु डोळ्याची पेशी एक अध्याय वाचते, त्वचेची दुसरा. जनुकातील मजकुराची नक्कल होते, ती संदेशवाहक आरएनए. तिच्यावरून प्रथिन घडते. मायक्रोआरएनए हा सुमारे २२ अक्षरांचा तुकडा त्या नकलेला चिकटून तिचे वाचन थोपवितो, वा ती नष्ट करवितो. असा एकच तुकडा शेकडो जनुकांवर अंमल चालवू शकतो. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे दाखविले. नोबेल पारितोषिकासाठी मात्र २०२४ उजाडावे लागले!

मेलॅनोमा रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींत उद्भवतो. गोऱ्या लोकांतील सुमारे निम्म्या रुग्णांत ब्राफ या जनुकात दोष असतो. बहुधा एका अक्षराचाच. त्यामुळे पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. हा हुकूम अडविणाऱ्या वेमुराफेनिब या औषधास अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. गाठी काही आठवड्यांत आक्रसत. पुष्कळदा वर्षाच्या आत पुन्हा वाढत. औषध तेच, परंतु पेशीने पोथीचे वाचन बदललेले असते.

येथे मायक्रोआरएनए-२११ ची कथा ध्यानी घ्यावी. या रोगात तो अनेकदा घटतो. २०१० मधील प्रयोगांत तो पुन्हा पुरविताच पेशींचा फैलाव मंदावला. साहजिकच तो हितकर्ता ठरला. पुढे २०१८ मध्ये वेमुराफेनिबला न जुमानणाऱ्या पेशींत तोच वाढलेला आढळला, आणि त्या प्रतिकारास त्याचाच हातभार होता. शब्द एकच, वाक्य निराळे. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटत नाही. औषध शोधणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण हा रेणू वाढवावा की दडपावा, हे पेशीची अवस्था पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

आपल्याकडे हा रोग विरळ आहे. तो पुष्कळदा तळपायावर वा नखाखाली दिसतो, आणि त्या प्रकारात ब्राफचा दोष कमी आढळतो. म्हणून पाश्चात्त्य रुग्णांवरील अनुभव जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. शिवाय अनवाणी राबणाऱ्याला तळपायाचा काळा डाग म्हणजे मोडलेला काटा किंवा कुरूप वाटते. तो डाग पसरत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो घरी कोरू नये. कलबुर्गीत किदवई संस्थेचे कर्करोग केंद्र आहे, तेथे दाखवावा.